कुळांच्या खंडावर उभी राहिलेली घरे : इंग्लंडमधील मॅनर हाउसचा जमाखर्च

३० ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटनच्या अर्थसंकल्पात वारसा कराविषयी एक घोषणा झाली आणि तीन आठवड्यांच्या आत लंडनमधील सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर शेतकऱ्यांची मोठी गर्दी जमली. शेतजमीन पुढच्या पिढीकडे जाताना तोवर करातून जवळजवळ पूर्ण सूट मिळत असे. एप्रिल २०२६ पासून ही पूर्ण सूट दहा लाख पौंडांपर्यंतच राहील आणि त्यापुढील मूल्यावर २० टक्के कर भरावा लागेल, असे सरकारने जाहीर केले होते. विरोध वाढल्यावर ही मर्यादा पंचवीस लाख पौंडांवर नेण्यात आली. या वादात शेतकऱ्यांबरोबरच ऐतिहासिक घरांच्या मालकांनीही आपली बाजू मांडली. जमिनीवर असा कर बसला तर आमची घरे टिकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील ही भव्य घरे आपल्याला चित्रपटांतून आणि मालिकांतून चांगली परिचयाची आहेत. पण शेतजमिनीवरील कराचा आणि शंभर खोल्यांच्या घराचा संबंध काय, हे त्या मालिका सांगत नाहीत.

तो संबंध समजला की या घरांचा सुमारे नऊशे वर्षांचा इतिहास उलगडतो. ही घरे कोणी बांधली, कोणत्या शैलीत बांधली, याची माहिती पुस्तकांत भरपूर मिळते. ती कशावर जगली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ती कुळांच्या खंडावर जगली. खंड वाढला तेव्हा ती वाढली आणि खंड आटला तेव्हा कोसळली.

मॅनर म्हणजे नेमके काय?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि जमीन आपल्या सरदारांना वाटून दिली. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याने देशाच्या बहुतेक भागाची तपशीलवार पाहणी करवली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दप्तरात कोणत्या ठिकाणी किती नांगर चालतात, किती कुळे आहेत, पाणचक्की आहे की नाही, कुरण किती आणि या सगळ्याचे वार्षिक मोल किती, अशा नोंदी आहेत. या नोंदींचे एकक म्हणजे मॅनर. एका मालकाच्या हक्काखालची जमीन, तीवर राबणारी कुळे आणि त्या मालकाचे न्यायालय, हे सगळे मिळून एक मॅनर होत असे. एका गावात दोन-तीन मॅनर असू शकत आणि एका मॅनरची जमीन दोन-तीन गावांत पसरलेली असू शकत असे. या कारभाराचे मुख्य ठिकाण असलेले मालकाचे घर म्हणजे मॅनर हाउस.

कोकणातील खोती ज्यांनी पाहिली किंवा घरातल्या थोरांकडून ऐकली आहे, त्यांना या व्यवस्थेची कल्पना करणे अवघड जाणार नाही. मॅनरचा मालक काही जमीन स्वतःच्या खास शेतीसाठी राखून ठेवी आणि उरलेली कुळांना देई. बांधील कुळाला आठवड्यातील ठरलेले दिवस मालकाच्या शेतात विनामोबदला राबावे लागे आणि सुगीच्या दिवसांत हे काम आणखी वाढे. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे द्यावे लागत. कुळ मेले की घरातील सर्वांत चांगले जनावर मालकाच्या गोठ्यात जाई. धान्य दळायचे तेही मालकाच्याच चक्कीवर आणि त्याने ठरवलेले दळणावळ देऊन. तक्रार असेल तर ती मालकाच्याच न्यायालयात मांडावी लागे आणि हे न्यायालय बहुधा त्याच्याच घराच्या मोठ्या दालनात भरत असे.

एक दालन, एक चूल

श्रॉपशर परगण्यातील स्टोकसे कॅसल हे या काळातले घर आजही जवळजवळ मूळ रूपात उभे आहे. नावात किल्ला असला तरी ते मुळात तटबंदी केलेले मॅनर हाउसच आहे. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने १२८१ मध्ये ही मालमत्ता घेतली आणि १२९१ मध्ये तटबंदीसाठी राजाचा परवाना मिळवला. भोवती खंदक आहे, बुरूज आहेत. पण मधल्या दालनाच्या खिडक्या इतक्या मोठ्या आहेत की शत्रू आला असता तर या तटबंदीचा फारसा उपयोग झाला नसता. बुरूज बव्हंशी प्रतिष्ठेसाठी होते, असेच मानावे लागते.

दालनात शिरल्यावर प्रथम दिसते ते भव्य लाकडी आढे आणि जमिनीवर मधोमध असलेली अग्नीची जागा. भिंतीत धुराडे नाही. धूर वर छताकडे जाई. मालक, त्याचे कुटुंब, कारभारी, नोकर, पाहुणे हे सारे याच दालनात जेवत आणि नोकरांपैकी बरेच जण इथेच झोपत. मालकाची खासगी खोली शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. तिथे जाण्यासाठी बाहेरून जिना आहे, आणि त्या खोलीच्या भिंतीत दोन लहान झरोके आहेत, ज्यांतून खालचे संपूर्ण दालन दिसते. खाली कोण काय करते आहे, हे मालकाला न उतरता पाहता येत असे. मॅनर हाउसच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची दिशा मला या दोन झरोक्यांत दिसते : मालक हळूहळू लोकांपासून वेगळा होत गेला, पण त्यांच्यावरची नजर त्याने काढून घेतली नाही.

मग ही वेठ कधी थांबली?

ती कोणा एका राजाच्या हुकमाने थांबली नाही. १३४८-४९ मध्ये प्लेगच्या साथीने इंग्लंडमधील एक-तृतीयांश ते निम्मे लोक दगावले. शेते तशीच होती, राबणारे हात मात्र फार कमी झाले. साहजिकच मजुरीचे दर वाढले आणि कुळे अधिक चांगल्या अटी देणाऱ्या मालकाकडे जाऊ लागली. १३५१ मध्ये संसदेने कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर गोठवण्याचा प्रयत्न केला, पण तो फार काळ टिकला नाही. १३८१ च्या शेतकरी उठावात ठिकठिकाणी मॅनरच्या न्यायालयांची दप्तरे जाळली गेली. कोण बांधील आणि कोणाकडे किती येणे, हे त्या चामड्याच्या गुंडाळ्यांत लिहिलेले होते, आणि आपले बांधलेपण कशात आहे हे उठाव करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत वेठीची जागा रोख खंडाने घेतली. अनेक मालकांनी खास शेतीही खंडाने देऊन टाकली. घराच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. मालक शेती करणारा राहिला नाही, तो खंड घेणारा झाला. त्यामुळे घरालाही धान्याच्या कोठारांजवळ आणि खळ्याजवळ असण्याची गरज उरली नाही.

मठांच्या जमिनी आणि काचेची भिंत

१५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले आणि त्यांच्या प्रचंड जमिनी राजाच्या ताब्यात आल्या. राजाला पैसा हवा होता, म्हणून यातील बऱ्याचशा लवकरच विकल्या गेल्या. विल्टशरमधील लेकॉकचा जोगिणींचा मठ विल्यम शॅरिंग्टन या दरबारी माणसाने घेतला आणि त्याचे घर केले. ओवऱ्या तशाच ठेवून वर राहण्याच्या खोल्या बांधल्या. दरबारी, वकील आणि व्यापारी यांची एक नवी जमीनदार पिढी अशा खरेदीतून तयार झाली.

या काळाचे ऐश्वर्य पाहायचे तर डर्बीशरमधील हार्डविक हॉल पाहावा. एका साधारण जमीनदाराच्या घरात जन्मलेल्या बेस ऑफ हार्डविक या स्त्रीने चार लग्नांतून आणि कमालीच्या व्यवहारचातुर्याने संपत्ती मिळवली आणि १५९० च्या दशकात हे घर बांधले. काच अतिशय महाग असतानाही या घराच्या दर्शनी बाजूला भिंतीपेक्षा काचच अधिक आहे, आणि सहाही बुरुजांच्या माथ्यावर तिच्या नावाची आद्याक्षरे दगडात कोरलेली आहेत. स्टोकसेमध्ये सगळ्यांचे असलेले मोठे दालन इथे आत शिरण्याची जागा बनले, तर मालकिणीचे समारंभाचे दिवाणखाने सर्वांत वरच्या मजल्यावर गेले.

कुरण गेले आणि गावही गेले

अठराव्या शतकात या घरांभोवती जी विस्तीर्ण हिरवी बाग दिसू लागली, ती निसर्गाने दिलेली नाही. आधी गावाची शेती मोठ्या मोकळ्या शिवारांत पट्ट्यापट्ट्यांनी होत असे आणि पडीक जमिनीवर गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा हक्क गावकऱ्यांना असे. ही शिवारे एकत्र करून, कुंपणे घालून ठरावीक मालकांच्या नावे करण्यात आली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांतून सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक-पंचमांशाहून थोडी अधिक जमीन कुंपणात गेली. यामुळे उत्पन्न वाढले, असे या कायद्यांचे समर्थक म्हणत, आणि पुष्कळ ठिकाणी ते वाढलेही. पण एखादी गाय आणि चार मेंढ्या गायरानावर सोडून जगणाऱ्या कुटुंबाला या व्यवहारात मिळालेला तुकडा इतका लहान असे, आणि त्याला कुंपण घालण्याचा खर्च इतका मोठा, की ते बहुधा तो विकून मजुरीला लागे.

डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस येथे हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. जोझेफ डेमर, म्हणजेच लॉर्ड मिल्टन, याने मठाची मालमत्ता घेतली, तेव्हा घराच्या अगदी जवळ एक जुने बाजारगाव होते. ते त्याला दृष्टीसमोर नको होते. त्याने एकेक घर ताब्यात घेत ते गाव पाडले आणि दूरच्या दरीत १७८० च्या सुमारास गवती छपरांची एकसारखी घरे बांधून एक नवे गाव वसवले. जुन्या गावातील एका वकिलाने आपला भाडेपट्टा सोडायला नकार दिला, तेव्हा तळ्याचे पाणी सोडून त्याचे घर बुडवण्याचा प्रयत्न झाला आणि तो न्यायालयात गेला, अशी हकिकत तिथे सांगितली जाते. नव्या गावातील प्रत्येक घर दोन कुटुंबांसाठी होते. आज पर्यटक या टुमदार गावाची छायाचित्रे काढतात. ते कोणाला हलवून वसवले, हे जाणून मगच ते पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सगळा पैसा इंग्लंडच्या मातीतूनच आला का?

नाही. खंडाने घर चालत असे, पण जमीन विकत घ्यायला आणि नवे घर बांधायला मोठी रक्कम लागे आणि ती अनेकदा समुद्रापलीकडून आली. यॉर्कशरमधील हेअरवुड हाउस लॅसेल्स घराण्याने बांधले. वेस्ट इंडीजमधील साखर आणि गुलामांचा व्यवहार हा त्यांच्या संपत्तीचा पाया होता. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद केली, तेव्हा १८३० च्या दशकात या घराण्याला १,२७७ माणसांच्या ‘मालकी’बद्दल २६ हजार पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. त्या माणसांना काहीही मिळाले नाही. बर्कशरमधील बॅसिल्डन पार्क हे घर बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गब्बर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधले.

या यादीत पुण्याशी थेट जोडलेले एक नाव आहे. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशवे दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांचा १७९० मध्ये जो तह झाला, त्यासाठी सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्याशी वाटाघाटी त्यानेच केल्या. मायदेशी परतल्यावर १८०३ मध्ये त्याने विल्टशरमधील विल्बरी हाउस विकत घेतले, आणि ते पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याच्या घराण्याकडे राहिले. शनिवारवाड्यातील दरबाराचे इंग्लंडमध्ये रंगवलेले मोठे तैलचित्र अनेक मराठी वाचकांनी पाहिले असेल. तो प्रसंग याच तहाचा आहे.

इतके वैभव होते, मग घर सांभाळणे का जमेना?

ही शंका स्वाभाविक आहे. उत्तर पुन्हा शेतातच सापडते. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतील विस्तीर्ण सपाट प्रदेशांतला गहू रेल्वेने बंदरापर्यंत आणि वाफेच्या जहाजांनी इंग्लंडपर्यंत स्वस्तात येऊ लागला. ज्या गव्हाला १८७० च्या दशकात क्वार्टर या मापाला पन्नास शिलिंगांहून अधिक भाव मिळत असे, त्याला १८९४ मध्ये तेवीस शिलिंगही मिळेनात. कुळांना खंड परवडेना. मालकांना तो कमी करावा लागला किंवा शेते पडीक ठेवावी लागली.

त्यातच वारसाहक्काची पद्धत आड आली. मालमत्ता थोरल्या मुलाकडे अखंड जावी, म्हणून ती कायदेशीर बंधनांत अशी अडकवलेली असे की जिवंत मालकाला ती विकता येत नसे. तो एका अर्थाने हयातीपुरता वहिवाटदार होता. शिवाय बहिणींचे हुंडे आणि आईचा निर्वाह याच उत्पन्नातून द्यावा लागे, आणि त्यासाठी कर्ज काढलेले असे. १८८२ च्या कायद्याने विक्रीची वाट मोकळी झाली, तेव्हा अनेकांनी आधी चित्रे आणि ग्रंथसंग्रह विकले, मग जमीन. जमीन गेली की घराचे उत्पन्न गेले. छताची दुरुस्ती मात्र दरवर्षी ठरलेलीच होती.

१८९४ मध्ये मृत्यूनंतर संपूर्ण मालमत्तेवर नवा कर आला. सुरुवातीला त्याचा सर्वोच्च दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० टक्के झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ८० टक्क्यांपर्यंत गेला. बेसचाच वंशज असलेल्या डेव्हनशरच्या दहाव्या ड्यूकने मालमत्ता मुलाच्या नावे करून दिली होती. पाच वर्षे तो जगला असता तर कर लागला नसता. पण ती मुदत पुरी व्हायला थोडेच महिने उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, तो वारला. बेसचे हार्डविक हॉल याच कराच्या पोटी घराण्याकडून गेले आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले.

ज्यांना असा मार्ग सापडला नाही, ती घरे पाडली गेली. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी हजाराहून अधिक घरे नाहीशी झाली आणि १९५५ च्या आसपास हे पाडकाम सर्वाधिक वेगात होते. युद्धकाळात सैन्याने किंवा शाळांनी वापरलेली, छते गळकी झालेली ही घरे. त्यांचे दगड, शिसे आणि लाकडी तक्तपोशी विकून जे हाती येईल तेवढेच मालकाला मिळत असे. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या नष्ट घरांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा लोकांना या हानीचा आकार प्रथमच कळला.

सरकारने किंवा संस्थेने घरे वाचवली, म्हणजे जनतेच्या पैशाने श्रीमंतांची सोय केली नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये प्रामुख्याने मोकळी निसर्गस्थळे वाचवण्यासाठी स्थापन झाली होती. १९३० च्या दशकात लॉर्ड लोथियनने तिच्यापुढे मोठ्या घरांचा प्रश्न मांडला आणि १९३७ च्या कायद्याने वाट मोकळी झाली : मालकाने घर संस्थेला द्यावे, मृत्यूनंतरच्या करातून सुटावे आणि कुटुंबाने तिथेच भाडेकरू म्हणून राहावे. लोथियन हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९३२ मध्ये भारतातील मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. १९४० मध्ये तो वारला, तेव्हा नॉर्फोकमधील त्याचे ब्लिकलिंग हॉल साडेचार हजार एकरांहून अधिक जमिनीसह संस्थेकडे आले.

जमिनीसह, हे इथे महत्त्वाचे आहे. नुसते घर घ्यायला संस्था सहसा तयार नसे. त्याच्या दुरुस्तीपुरते उत्पन्न देणारी जमीन किंवा भांडवलही सोबत द्यावे लागे. घर खंडावरच जगते, हे संस्थेलाही मान्य होते. या व्यवहारात मालकांचा फायदा झाला, हे खरे. त्या बदल्यात लोकांना आत जाण्याचा हक्क मिळाला, हेही खरे. आणि माझ्या मते हा सौदा लोकांच्या पदरात किती टाकतो, हे घरात काय दाखवले जाते यावर ठरते.

वेल्समधील एर्डिग या घरात प्रवेश मुख्य दारातून दिला जात नाही. सुतारशाळा, तबेला, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या यांतून गेल्यावर मगच मालकाचे दिवाणखाने लागतात. यॉर्क घराण्याने अठराव्या शतकापासून नोकरांची चित्रे काढवून घेतली, प्रत्येकाच्या चित्रासोबत त्याच्याविषयी पद्य लिहिले आणि कॅमेरा आल्यावर हातात कामाची हत्यारे घेऊन उभ्या असलेल्या नोकरांची छायाचित्रेही काढली. इतर बहुसंख्य घरांत अशी ओळख राहिलेली नाही. वेतनाच्या वहीत एक नाव आणि एक रक्कम, एवढेच उरते. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्याकडील ९३ ठिकाणांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध नोंदवणारा अहवाल काढला, तेव्हा हा इतिहासात राजकारण घुसवण्याचा प्रकार आहे, अशी जोरदार टीका झाली. मला ती पटत नाही. छताला शिसे कोणत्या खाणीचे वापरले, हे अभिमानाने सांगणाऱ्या फलकावर ते शिसे कोणत्या पैशाने घेतले, हेही लिहिलेले असावे.

हे सगळे फक्त इंग्लंडचेच आहे का?

घरे सगळीकडे होती. शेवट वेगवेगळे झाले. फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ मध्ये सरंजामी हक्क रद्द करण्याची घोषणा एका रात्रीत झाली. आयर्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जातून कुळांनी जमिनी विकत घेतल्या आणि १९२० ते १९२३ च्या संघर्षात अनेक जमीनदारांची घरे जाळली गेली. एस्टोनियात १९१९ च्या कायद्याने जर्मन जमीनदारांच्या मोठ्या इस्टेटी सरकारने घेऊन शेतकऱ्यांना वाटल्या, आणि तेथील कित्येक मॅनर हाउसमध्ये गावच्या शाळा भरू लागल्या. इंग्लंडमध्ये ‘कसेल त्याची जमीन’ असा कायदा कधी झालाच नाही. तिथे जमीन बाजाराने आणि कराने हलली. म्हणूनच पुष्कळ जुनी घराणी आजही आपल्या जमिनीवर आणि आपल्या घरात आहेत.

मग मॅनर आज कायद्यात शिल्लक आहे का?

जवळजवळ नाही. मॅनरच्या न्यायालयाच्या दप्तरातील नोंदीवर आधारलेला कुळाचा जुना हक्क १ जानेवारी १९२६ पासून संपला आणि अशा जमिनी सर्वसाधारण मालकीच्या झाल्या. ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हे बिरुद मात्र वेगळी मालमत्ता म्हणून उरले आहे आणि त्याची आजही खरेदी-विक्री होते. ते घेतल्याने कोणी उमराव होत नाही, आणि त्यासोबत घर किंवा जमीनही आपोआप मिळत नाही. परदेशांतील हौशी ग्राहकांनी, त्यांत आपले लोकही आले, हे नीट समजून घ्यावे. न्यायालयाच्या जुन्या गुंडाळ्या, खंडाच्या वह्या आणि मोजणीचे नकाशे यांना मात्र कायद्याचे संरक्षण आहे. ते कोणाच्याही मालकीचे असले तरी परवानगीशिवाय इंग्लंड आणि वेल्सबाहेर नेता येत नाहीत, त्यांची सूची राष्ट्रीय अभिलेखागार ठेवते आणि त्यांतील बरेचसे परगण्यांच्या दप्तरखान्यांत कोणालाही वाचायला मिळतात.